नऊ सुया, सात दिवस

आमचे हे सगळ्यांना सांगायचे, "मंदाला पोटाचा कॅन्सर झालाय." माझं पोट ठणठणीत होतं. दोन भाकऱ्या, वर भात, सगळं मुकाट्याने जिरवत होतं. कॅन्सर झाला होता मूत्रमार्गाला, म्हणजे लघवी जिथून बाहेर येते त्या जागेला. ते नाव घ्यायला नको म्हणून बिचाऱ्या पोटावर आळ आला होता.

मी मात्र हे अगदी सुरुवातीलाच लिहून टाकते आहे, कारण लाजेपायी मी सात महिने वाया घालवले. हे वाचणाऱ्या कोणी तसे घालवू नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. आणि मी बरी झाले हेही आत्ताच सांगते. शेवटी काय होतं या धाकधुकीत कोणी वाचू नका. निवांत वाचा.

उन्हाळी

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी नाशिकरोडच्या एका शाळेत पाचवी ते सातवीला शास्त्र शिकवायची. हे एका छापखान्यात मशीनवर होते. एकच मुलगी, सुजाता, तेव्हा दहावीत. वसाहतीत दोन खोल्यांचं घर, रविवारी विहारात वंदना, सुट्टीत ह्यांच्या बहिणीकडे दिंडोरी तालुक्यात. सगळं सुरळीत चाललं होतं.

मार्चमध्ये लघवीला जळजळ व्हायला लागली. आपल्याकडे याला उन्हाळी लागली म्हणतात, आणि उन्हाळीवरचं औषध प्रत्येक बाईला ठाऊक असतं. शेजारणीने सब्जा भिजवून दिला. शाळेतल्या बाईंनी धने-जिऱ्याचं पाणी सांगितलं. मी वाळ्याचं पाणी प्यायले, शहाळी प्यायले, रात्रीचा चहा बंद केला. पावसाळा येऊन गेला, दसरा झाला, तरी उन्हाळी जाईना. पावसाच्या गारठ्यातही अंगात स्वेटर घालून मी सब्जा पीत होते.

मग अधूनमधून रक्ताचा थेंब दिसायला लागला. माझं वय बेचाळीस. पाळी जायचे दिवस आलेत, त्याचंच असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मी शास्त्राची शिक्षिका! पाळीची वाट वेगळी आणि लघवीची वेगळी, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण माहीत असणं आणि डॉक्टरांसमोर जाऊन पाय फाकवून झोपणं, यात फार अंतर आहे. ते पार करायला मला सात महिने लागले.

शेवटी ऑक्टोबर सरता सरता नाशिकरोडच्या एका डॉक्टरीण बाईंकडे गेले. सुजाताचा जन्म त्यांच्याच हातचा. त्यांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"गांगुर्डे बाई, इतके दिवस काय करत होतात?"

"सब्जा पीत होते."

त्यांना हसू आवरेना. मग म्हणाल्या, "तोंडाशीच ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आहे. हाताला लागते त्यापेक्षा जरा आतही गेली असावी. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवते."

पहिला नंबर

तुकड्याचा रिपोर्ट यायचा होता त्या दिवशी शाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या. लिंबू-चमच्याची शर्यत माझ्याकडे. गळ्यात शिट्टी अडकवूनच मी दवाखान्यात गेले. म्हटलं, रिपोर्ट घेऊ आणि दहापर्यंत मैदानावर पोचू.

डॉक्टरीण बाईंनी दार लावून घेतलं तेव्हाच मला कळलं.

"कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "पण लहान आहे. आणि या जागेचा फार क्वचित दिसतो. माझ्या सगळ्या वर्षांत मी पहिल्यांदा बघतेय."

अशा वेळी माणूस काय बोलेल सांगता येत नाही. मी म्हटलं, "म्हणजे माझा पहिला नंबर आला."

त्यांनी माझा हात धरला. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी उठले आणि शाळेत गेले. कुठे जाणार दुसरीकडे? मुली रांगेत उभ्या होत्या, दातांत चमचे धरून. मी शिट्टी तोंडात धरली, पण ओठ इतके कोरडे पडले होते की ती वाजेना. दोनदा नुसती हवा गेली. तिसऱ्यांदा जोर लावला तर फुर्र करून थुंकी उडाली. मुली खदखदून हसल्या, त्यांचे चमचे पडले, लिंबं मैदानभर पळाली. मग मीही हसले आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. मुलींना वाटलं, बाई हसून हसून रडताहेत. तेही खरंच होतं. पुढच्या फेरीत एकीने लिंबू चक्क अंगठ्याने दाबून धरलं होतं. मी पाहिलं आणि सोडून दिलं. त्या दिवशी मी कोणालाच बाद केलं नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे जागचे उठले, कळशी घेतली आणि नळाखाली धरली. नळ दुपारीच गेलेला होता. कोरड्या नळाखाली कळशी धरून हे कितीतरी वेळ उभे होते.

पोटाची बदनामी

दुसऱ्या दिवसापासून हे "पोटाचा" म्हणायला लागले. छापखान्यात, वसाहतीत, विहारात, सगळीकडे. सुजातालाही तेच सांगितलं. मला राग यायचा, पण ह्यांची मान खाली गेलेली बघून मी गप्प बसायची. आमच्यात बोलणंच कमी झालं. दोघंही जेवताना ताटाकडे बघायचो.

एकदा सुजाताने माझी फाईल वाचली. "आई, युरेथ्रा म्हणजे पोट का गं?"

शेकडो मुलींना मी शरीराच्या आकृत्या काढायला शिकवल्या होत्या, आणि माझ्या स्वतःच्या मुलीला हे विचारावं लागत होतं. तिच्याच रफ वहीत मी आकृती काढून दाखवली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाबा खोटं का सांगतात?"

"त्यांना लाज वाटते."

"तुला?"

"मलाही."

"पण आजार तर आजारच ना?" ती म्हणाली आणि अभ्यासाला बसली. मुलं कधीकधी विषय असा संपवतात.

मग आल्या अक्का. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. दिंडोरीकडे द्राक्षबागांत छाटणी-बांधणीच्या कामाला जायच्या. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण बागेतल्या बायकांच्या टोळीच्या त्या मुकादम होत्या. भावाचा निरोप मिळाल्यावर पिशवीभर मनुके घेऊन पहिल्या बसने हजर. आल्या त्या माझ्यासमोर जेवायला बसल्या आणि मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"मंदे, पोटाचा कॅन्सर झालेली बाई अशी जेवती व्हय? खरं सांग, कुठं हाय?"

ह्यांनी मान खाली घातली. मी सांगितलं. साध्या, सरळ शब्दांत. अक्कांनी ताट बाजूला सारलं. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "मंग तसं सांगावं ना! त्या पोटाला कशापायी बदनाम करतो?"

सुजाताला पहिल्यांदा हसू फुटलं. मग मला. हे मात्र उठून बाहेर गेले.

दोन्ही उत्तरं बरोबर

उपचार काय करायचा, हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला.

नाशिकचे सर्जन उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कागदावर आकृती काढली. दोन मूत्रपिंडं, खाली मूत्राशय, खाली मार्ग. मग मूत्राशयावर आणि मार्गावर पेन्सिलीने फुली मारली. "हे दोन्ही काढायचं. आतड्याचा तुकडा घेऊन पोटावर नवीन तोंड करायचं. त्यावर बाहेरून पिशवी लावायची. लघवी तीत जमा होणार."

"कायमची?" ह्यांनी विचारलं.

"कायमची."

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. म्हटलं, "डॉक्टर, उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा जरा खाली असतं. तुम्ही एका पातळीत काढलंय."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, खोडरबर घेतलं आणि उजवं मूत्रपिंड खाली आणलं. तेव्हापासून आमचं चांगलं जमलं. तेच म्हणाले, "बाई, हा आजार इतका क्वचित होतो की एकट्या माझ्या शब्दावर जाऊ नका. मुंबईला कॅन्सरचं मोठं इस्पितळ आहे. तिथे विचारून या. त्यांचं वेगळं मत पडलं तर मला राग येणार नाही."

मुंबईच्या डॉक्टरांचं मत खरंच वेगळं पडलं. ते म्हणाले, नुसतं बाहेरचं टोक कापलं तर ऑपरेशन लहान होईल, पण गाठ थोडी आत गेली आहे, काही मागे राहील अशी भीती. सलाइनमधून द्यायच्या औषधांचा त्या काळी या गाठीवर फारसा भरवसा नव्हता. नाशिकला सांगितलेलं मोठं ऑपरेशन चुकीचं नाही. पण गाठ लहान आहे, तेव्हा आणखी एक वाट आहे. रेडियमच्या सुया गाठीभोवती टोचून सात दिवस तशाच ठेवायच्या. सगळं जागच्या जागी राहील.

"आणि धोका?" मी विचारलं.

"मार्ग आखडू शकतो. लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. जखम भरायला महिने लागतात. आणि गाठ परत आली, तर मग मोठं ऑपरेशन करावंच लागेल."

"यातलं बरोबर कुठलं?"

"दोन्ही बरोबर आहेत. आठ दिवसांत कळवा."

वर्गात मी मुलांना सांगायची, योग्य पर्यायापुढे खूण करा. दोन्ही योग्य असले तर खूण कुठे करायची, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. हे म्हणायचे, मोठं ऑपरेशन करून एकदाचं संपवू. वसाहतीतल्या एकीने त्र्यंबकच्या डोंगरातल्या झाडपाल्याचा पत्ता आणला. मला पिशवीच्या कल्पनेनेच घाम फुटायचा. फळ्याकडे वळून लिहिते आहे आणि पिशवी गळते आहे, असं डोळ्यांसमोर यायचं.

मी नाशिकच्या सर्जनना हे सरळ सांगितलं. त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली. "जेलरोडला सोनवणे म्हणून निवृत्त पोस्टमन राहतात. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मीच त्यांचं ऑपरेशन केलंय. पिशवी कशी असते, ते त्यांना विचारा. मला काय कळणार?"

पोस्टमनची झोळी

अक्का आणि मी टांगा करून गेलो. साठीचा माणूस अंगणात सायकल उलटी करून चेन बसवत होता. चिठ्ठी वाचून म्हणाला, "या, या. अहो, चहा टाका! पिशवी बघायला पाहुणे आलेत."

चहा येईपर्यंत त्यांनी सदरा वर केला. पोटावर रबराची पिशवी, कमरेला पट्टा. मी नजर वळवली. अक्का मात्र पुढे सरकून बघायला लागल्या.

"गळत नाय?"

"पहिल्या वर्षी लय गळायची. आता मी तिला ओळखतो आणि ती मला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तीस वर्षं झोळी खांद्याला होती. आता पोटाला आहे, एवढाच फरक."

त्यांच्या बायकोने आतून सुनावलं, "खरं काय ते पण सांगा."

"सांगतो. उन्हाळ्यात पट्ट्याखाली चट्टे पडतात. लग्नाला गेलो तर मी पंगतीच्या टोकाला बसतो, वास येईल म्हणून. कधी मन खट्टू होतं. पण रोज सायकलवर गंगेवर, गोदेच्या घाटावर, जाऊन येतो, कुणाची मदत लागत नाही. तुम्हाला लागली पिशवी तर माझ्याकडे या. कशी धुवायची, कशी बसवायची, मी शिकवेन. न लागली तर पेढे घेऊन या."

परतीच्या टांग्यात माझं ठरलं. सुया घ्यायच्या. तुम्हाला हे उलटं वाटेल. पिशवीची भीती गेली आणि मी पिशवी नाही ती वाट निवडली. पण आदल्या दिवशी निवडलं असतं तर ते पळून जाणं झालं असतं. आता सुया फसल्या तरी पुढे काय आहे, ते मी चहा पिता पिता डोळ्यांनी बघून आले होते. तिथे एक माणूस सायकलची चेन बसवत होता.

हा माझा निर्णय माझ्या गाठीपुरता. प्रत्येकीची गाठ वेगळी, तिची जागा वेगळी. दोन डॉक्टरांना विचारा, आणि जमलं तर त्या वाटेने गेलेल्या एखाद्या माणसाला भेटा. एवढंच मी सांगू शकते.

नऊ

मुंबईला अक्काच माझ्याबरोबर आल्या. सुजाताची परीक्षा तोंडावर होती, म्हणून हे घरी थांबले.

भूल उतरली तेव्हा मी एका वेगळ्या खोलीत होते. खाली नऊ सुया टाकलेल्या, प्रत्येकीला दोरा, आणि लघवीसाठी नळी. कूस बदलायची नाही, उठायचं नाही. सुयांतून किरण बाहेर पडतात, म्हणून माझ्याजवळ कोणी फार वेळ थांबायचं नाही. पलंगाशेजारी शिशाचा जाड पडदा होता, दाराशी जमिनीवर पिवळी रेघ. भेटायला येणाऱ्याने रेघेच्या पलीकडे उभं राहायचं, तेही दहा मिनिटं.

एक केरळी सिस्टर रोज सकाळी झपझप आत यायची, दोरे मोजायची, "नाइन!" म्हणायची आणि झपझप बाहेर जायची. सुई निसटून चादरीत गेली तर घोटाळा, म्हणून ही मोजणी. तिसऱ्या दिवसापासून ती दारात दिसली की मीच ओरडायची, "नऊ!" आणि ती म्हणायची, "तुम्ही पास!"

दुखायचं का? हो. पाठ दगडासारखी व्हायची, नळी टोचायची. आणि माणसाचा हात अंगाला न लागणं फार जाणवतं. चौथ्या दिवशी मी त्या सिस्टरला म्हटलं, "जरा दोन मिनिटं थांब ना." तिला थांबता येत नव्हतं. तिने जाता जाता माझ्या कपाळावर पालथा हात टेकवला आणि गेली. तो हात अजून आठवतो.

अक्का मात्र पिवळ्या रेघेवर ठाण मांडून असायच्या. दहा मिनिटं झाली की त्यांना घालवून द्यायचे. त्या व्हरांड्याला एक चक्कर मारून परत यायच्या, जणू दुसऱ्याच बाई आहेत. चारच दिवसांत सगळ्या वॉर्डाची खबर त्यांच्याकडे. कोणाची सून भांडकुदळ आहे, कोणत्या आयाला दिंडोरीची द्राक्षं आवडतात, सगळं त्या मला रेघेवरून मोठ्याने सांगायच्या. सुयांतून प्रकाश निघतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तो काही दिसेना, म्हणून त्यांनी ओवीच रचली:

"रेडियमच्या सुईबाई, तुझा उजेड दिसेना,
भावजय माझी आत, मला नर्स जाऊ देईना."

केरळी सिस्टरने अर्थ विचारून घेतला. दुसऱ्या दिवशी दोरे मोजताना ती स्वतःच "सुईबाई, सुईबाई" गुणगुणत होती.

रविवारी हे आले. रेघेवर उभे राहिले. दहातली आठ मिनिटं नुसते माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "सुजाताच्या पोळ्या आता गोल व्हायला लागल्यात."

"आणि तुमचं?"

"मी दोन खातो." घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "तू लवकर ये."

एवढं बोलणं आमच्यात दोन महिन्यांत झालं नव्हतं.

सगळा वॉर्ड कान देऊन

सातव्या दिवशी सुया काढल्या. सिस्टरने ट्रेमध्ये एकेक ठेवत शेवटचं "नाइन" म्हटलं. पण खरी परीक्षा पुढे होती. चार दिवसांनी नळी काढणार होते. आपण होऊन लघवी झाली नाही, किंवा झाली आणि थांबलीच नाही, तर पुढचं सगळं बदलणार होतं. तोवर मला मोठ्या वॉर्डात आणलं होतं. माझं काय झालंय, ते अक्कांच्या कृपेने तिथल्या वीसही बायकांना पाठ होतं.

सकाळी आठला नळी निघाली. नऊ वाजले, दहा वाजले. मी तांब्यावर तांबे पाणी पीत होते. पोट तडतडायला लागलं, पण काही होईना. मी रडकुंडीला आले. अक्का मला संडासात घेऊन गेल्या आणि त्यांनी नळ सोडला.

"आमच्या बागेत पाणी येईना झालं की मोटारीवर वराडत नाय कोणी. गप बसायचं. पाणी येतं."

मी डोळे मिटले. मिरची चोळल्यासारखी आग झाली, आणि मग थेंब, मग धार. मी मनात पाच आकडे मोजले आणि धार थांबवून बघितली. थांबली! पुन्हा सोडली.

"झाली!" मी आतून ओरडले.

"झाली!" अक्का बाहेर ओरडल्या.

आणि सगळ्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. बेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेने लघवी केली म्हणून वीस बायका टाळ्या वाजवत होत्या! अक्कांनी मनुक्यांची पिशवी काढली आणि प्रत्येक पलंगावर मूठ मूठ वाटली. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी कशाचे म्हणून विचारलं, तर पलीकडच्या पलंगावरच्या आजी म्हणाल्या, "हिला मुतायला झालं!" डॉक्टरांनी दोन मनुके तोंडात टाकले आणि माझ्या केसपेपरवर काहीतरी लांबलचक लिहिलं. अर्थ तोच असणार.

खुर्ची

घरी आल्यावरचे तीन महिने इस्पितळापेक्षा अवघड गेले. जखम भरत होती. खाली बसणं अशक्य. आमचा संडास चाळीसारखा, ओळीतला, भारतीय पद्धतीचा. मी उकिडवी बसले की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी एकटी असताना रडायची.

हे सगळं बघत होते. एका रविवारी सकाळीच सायकल काढून गेले. अकराच्या सुमाराला वसाहतीत गलका ऐकू आला, म्हणून मी खिडकीशी गेले. हे सायकल हातात धरून चालत येत होते आणि कॅरियरवर दोरीने एक लाकडी खुर्ची बांधलेली. बसायच्या जागी गोल भोक. सुताराकडून करून घेतलेली.

ओट्यावर बसलेल्यांपैकी कोणीतरी विचारलं, "काय गांगुर्डे, खुर्चीला खिडकी कशाला?"

हे थांबले. सायकल स्टँडला लावली.

"मंदाला लघवीच्या जागेचा कॅन्सर झाला होता," हे म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "पोटाचा नाही. मी खोटं सांगत होतो. आता बरी आहे ती, पण तिला खाली बसवत नाही. तिच्यासाठी केली."

कोणी हसलं नाही. विचारणारा उठला, त्याने खुर्चीचं एक टोक धरलं, दुसरं ह्यांनी. दोघांनी मिळून ती आत आणून ठेवली. "जयभीम, वहिनी," तो मला म्हणाला. "काठ जरा खरबरीत आहेत. माझ्याकडे पॉलिश पेपर आहे, आणतो." मग दोघं मिळून दुपारभर ते भोक घासत बसले.

त्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले तेव्हा ह्यांनी दाराबाहेरून विचारलं, "बरं वाटतंय?"

"सिंहासन आहे," मी म्हटलं.

पुढचं थोडक्यात. मार्ग आखडला, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच. तो रुंद करायला नाशिकच्या सर्जनकडे दोन-दोन महिन्यांनी सळई घालून घ्यावी लागायची. नको वाटायचं. मी त्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घ्यायची आणि येताना रसवंतीत बसून उसाचा मोठा ग्लास प्यायची. घुंगरांचा आवाज ऐकला की दुखणं निम्मं व्हायचं. पुढे वर्षाने एकदा जाऊन भागायला लागलं. सोनवणेंना पेढे नेऊन दिले. त्यांनी पेढा खाऊन विचारलं, "म्हणजे शिकवणी बुडाली म्हणायची?"

आणि नवरा-बायकोचं. यावर कोणी लिहीत नाही, म्हणून दोन ओळी. दीड वर्ष आमच्या खाटा वेगळ्या होत्या. मला भीती वाटायची, ह्यांना त्याहून जास्त. मग एका दुपारी सुजाता कॉलेजला गेली असताना ह्यांनी काही न बोलता दोन्ही खाटा जोडल्या आणि मधल्या फटीत घडी घालून गोधडी बसवली. बाकी आमचं आम्ही बघून घेतलं.

हिराबाई

चारेक वर्षं उलटली असतील. आमच्या शाळेतली शिपाई बाई एक दिवस तिच्या मावशीला घेऊन घरी आली. हिराबाई, हरसूलजवळच्या पाड्यावरची. जळजळ होते, थेंब जातो, एवढं सांगायला तिला तासभर लागला. पदर तोंडात धरून बोलत होती.

मी तिला माझी सगळी हकिगत सांगितली. तिने पदर खाली केला. मग मी तिला डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेले. तपासणी झाली, तुकडा पाठवला. रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघी बाकावर एकमेकींचा हात धरून बसलो होतो. मला तर तिच्यापेक्षा जास्त धडकी भरलेली.

डॉक्टरीण बाईंनी आज दार उघडंच ठेवलं. "साधं मांस वाढलंय. कॅन्सर नाही. अर्ध्या तासाचं काम आहे."

हिराबाईने मला असं काही कवटाळलं की माझा चष्मा वाकला.

महिन्याभराने तिचा निरोप आला, बाजाराला या, नागली देते. मी आणि हे गेलो. हरसूलचा आठवडे बाजार, ही गर्दी. हिराबाई नागलीची, म्हणजे नाचणीची, पोती मांडून बसली होती. मला बघताच ती उभी राहिली आणि बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "आली बघा! हीच ती बाई! हिला लघवीच्या जागंला कॅन्सर झाला व्हता!"

मिरचीवाला, बोंबीलवाली, बकरी ओढत नेणारा म्हातारा, सगळे वळून बघायला लागले. मला भूमी दुभंगेल तर बरं असं झालं. हे माझ्याशेजारी ताठ उभे होते. म्हणाले, "हो, हीच."

मग एक बाई पाटी डोक्यावरून उतरवून माझ्यापाशी आली. हळूच म्हणाली, "माजं बी तसंच व्हतं बाय." तिच्या मागे दुसरी येऊन थांबली, मग तिसरी, मग चौथी. हिराबाईने मला पोत्यावर बसवलं आणि ह्यांना नागली विकायला लावली. मी पहिलीला विचारलं, "बोल, कधीपासून?"

पुढच्या आठवड्यात त्या चौघी सकाळच्या बसने नाशिकला यायला निघाल्या. मी त्यांना त्र्यंबकच्या स्टँडवर भेटले आणि त्यांच्याबरोबर बसमध्ये चढले. हिराबाईला काही होत नव्हतं, तरी ती पुढारीपण करायला आली होती. चौघींना पुढे काय निघालं, त्याची काळजी करू नका. तिघींना औषधाने बरं वाटलं, चौथीचा खडा होता, तो काढला. त्या सकाळी मात्र आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरी बसमध्ये आमचा असा काही हसण्याचा धुमाकूळ चालला होता की कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "कुणाच्या लग्नाला चाललात, मावशी?"

"नाय रं बाबा," हिराबाई म्हणाली, "लघवी दाखवाया!"